खुर्चीवरची कविता

प्रिय आगाता,

सहा जानेवारीच्या सणाला जेवायला या, हा तुझा निरोप पोचला. उत्तर फोनवरही देता आलं असतं. पण फोनवर तू घाईत असतेस आणि मी विरघळतो. शिवाय इथे दिवसभर तोंडात इटालियनच घोळवावी लागते, तेव्हा आपल्या पोलिशमध्ये चार ओळी लिहिल्या की जिभेला घरी गेल्यासारखं वाटतं.

तू पेरूजाला एकदाही आली नाहीस, म्हणून आमच्या बिऱ्हाडाची हकीकत सांगतो. आम्ही तिघे विद्यार्थी, एक स्वयंपाकघर, एक न्हाणीघर. तेजुन कोरियाचा, गाणं शिकायला आलेला. सकाळी न्हाणीघरात सूर लावून बसतो. खालची बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकते, तर हा आतून मला ओरडून सांगतो, "आजोबा, ऐकलंत? बाईंचा ताल पुन्हा चुकला!" जुसारा ब्राझीलची. तिचे पणजोबा इथून बोटीने गेले होते. त्यांच्या नात्यावर इथलं नागरिकत्व मिळावं म्हणून ती कचेऱ्यांचे उंबरे झिजवते आणि त्यासाठीच भाषा शिकते. न पाहिलेल्या म्हाताऱ्याला आपला म्हणायला ती पोरगी किती धडपडते, हे बघून मला कधी हसू येतं, कधी दुसरंच काही.

आल्या आल्या मी कॉफीचं भांडं साबण लावून लख्ख घासून ठेवलं. जुसारा किंचाळली, "अहो आजोबा, खून केलात तुम्ही! दोन वर्षांची चव मुरली होती त्यात!" तेव्हापासून ते भांडं मला मना आहे. माझी हेरिंग माशांची बरणीही फ्रिजमधून हद्दपार होऊन खिडकीबाहेर गेली. पण पोरं मायेची आहेत. माझं ताट झाकून ठेवतात.

वर्गात मी सगळ्यांत म्हातारा. शिकवणाऱ्या ऑर्नेलाबाई विचारतात, या वयात कशाला हा खटाटोप? मी सांगतो, नातवाशी बोलायचंय. तुझी आई गेल्यावर लुब्लिनजवळचं ते घर भाड्याने दिलं आणि निघालो, ते एवढ्यासाठीच. तू तोमाझोला आपली भाषा शिकवली नाहीस. त्याबद्दल एकदाच बोललो होतो, पुन्हा बोलणार नाही. पोरगा माझ्याकडे येत नसेल तर मी त्याच्याकडे जाईन, मला मध्ये दुभाषा नको, एवढाच माझा हिशेब. आरेत्सोच्या तुमच्या घरात जागा नाही म्हणालीस, तेही मानलं. मधूनमधून रविवारी गाडीने यायचं, जेवायचं, तोमाझोच्या केसांतून हात फिरवायचा आणि परत फिरायचं. तो मला 'मास्तर' म्हणायचा. मला वाटायचं, तूच कौतुकाने शिकवलं असशील. आपल्या गावात तीन पिढ्या मला मास्तरच म्हणत आल्या. फोनवर तू मला बाबा म्हणतेस आणि त्या घरात पाऊल टाकलं की नुसतं 'तुम्ही', हेही ध्यानात आलं होतं. पण त्यावर विचार करावा असं वाटलं नाही. माणूस आपल्या सोयीचंच बघतो.

नाताळच्या जेवणाला इथली मुलं खुर्चीवर उभी राहून कविता म्हणतात, हे ऑर्नेलाबाईंनी सांगितलं आणि माझ्यातला जुना मास्तर जागा झाला. ठरवलं, तोमाझोची झाली की आपणही उठायचं. मुलांच्या पुस्तकातली एक कविता घेतली, म्हाताऱ्या जैतुनाच्या झाडावरची. महिनाभर घोकली. तेजुन माझ्या ओठांना वळण लावायचा, "मासा करा, आजोबा, मासा! आता सोडा!" जुसारा पलंगावरून खेकसायची, "नातवाला म्हणून दाखवताय की कोर्टात साक्ष देताय? जरा हसा की!" शेवटी अशी बसली की खालच्या बाईनेही दांडा आवरता घेतला.

नाताळच्या दुपारी तुमच्या टेबलाशी तेरा माणसं होती. तोमाझो खुर्चीवर चढला. तूही अशीच चढायचीस, शाळेत शेगडीजवळच्या बाकावर, आणि अडलीस की मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या माझ्या ओठांकडे बघायचीस. तो म्हणाला, "ही कविता पोलंडच्या आजोबांसाठी. ते डॉक्टर होते. आता ते देवाघरी आहेत."

आगाता, त्या घरातलं वाक्य न वाक्य मला कळलं, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

कविता संपली. तुझ्या सासूबाईंनी डोळे पुसले आणि माझा हात धरून विचारलं, "मास्तर, तुम्ही तर त्यांच्या गावचे. कसे होते हो हिचे वडील?" तू लगबगीने पोलिशमध्ये मला म्हणालीस, "आणखी सूप हवंय का, विचारताहेत." मी म्हणालो, "नको, पोट भरलं." आणि तू त्यांना इटालियनमध्ये सांगितलंस, "देवमाणूस होते, म्हणतात." तुझ्या नवऱ्याने, फाब्रित्सियोने, पेला उंचावला. सगळ्यांनी माझ्यासमोर माझ्याच आत्म्यासाठी वाइन प्यायली. मीही प्यायलो.

'तो मीच' हे वाक्य पहिल्या आठवड्यातच शिकवतात. ते ओठांपर्यंत आलं होतं. पण पोरगा अजून खुर्चीवर उभा होता, टाळ्यांची वाट बघत. मी टाळ्या वाजवल्या. माझी कविता गिळली. घरी आल्यावर दोघांनी मला घेरलं, "झाली का, झाली का?" म्हटलं, छान झाली. जुसाराने माझ्या गालाचा मुका घेतला.

तेव्हापासून मी एकच कोडं सोडवतो आहे. तू त्या गावात परक्या म्हातारीची सेवा करायला आलीस आणि सोनाराच्या घरात सून झालीस. तिथे खेड्यातला शाळामास्तर शोभला नसता, एवढं मलाही समजतं. जिवंत डॉक्टरला लग्नाला हजर राहावं लागलं असतं, म्हणून मेलेला डॉक्टर बरा. मीही आईच्या आजारपणामुळे आलो नाही, तेव्हा तुझं आयतंच निभावलं. पण मास्तरकी ही काही चोरी नव्हे गं. त्याच पगारावर तुझ्या प्रवासाच्या पेट्या भरल्या होत्या.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितो आहे ते. सहा तारखेला मी येणार नाही. पोलंडलाही परत जाणार नाही. वर्ग चालू ठेवतो आहे, वसंतात पुढची परीक्षा देईन. इथून पुढे त्या घरात तू जे बोलशील ते मला समजेल, हे तुला ठाऊक असावं. तोमाझो विचारेल, मास्तर का आले नाहीत? तेव्हा त्याला खरं सांग आणि त्याला घेऊन इकडे ये, मी जिने उतरून खाली उभा राहीन. ते जमत नसेल तर मास्तरही वारले म्हणून सांग. तुला ते जड जायचं नाही, एकदा सांगून झालेलंच आहे.

तुझेच
बाबा