ललिताच्या जागी कांदा कसा आला

नाशिक,
१५ डिसेंबर १९९९

तीर्थस्वरूप खंडेरावमामांच्या पायांशी किशोरचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? थंडी पडली, द्राक्षबागेवर भुरीचा रोग तर नाही ना आला? मामींना नमस्कार सांगा. (पाकिटावर माझं नाव बघून तुम्ही पत्र फाडलं नसेल, या भरवशावर पुढे लिहितो.) इकडे सगळं ठीक. फक्त आई बोलत नाही. तिच्या भावाच्या पोरीचा मी कांदा केला म्हणून डब्यात भाकरीबरोबर रोज नुसता कांदा कापून देते.

मामा, वधूवर परिचय पुस्तिकेत आपल्या ललिताच्या फोटोच्या जागी कांदा छापून आला, हे खरं. खाली ‘गोरी, सडपातळ, बी. कॉम., स्वयंपाकाची आवड’ आणि वर कांदा, हेही खरं. तिला बघायला आलेल्या लासलगावच्या कांदा व्यापाऱ्यांनी मेळाव्यात नेमकं तेच पान उघडलं, ‘आमच्या धंद्याची टिंगल करता काय?’ म्हणाले आणि भरल्या पंगतीतून उठून गेले. (कांदाही म्हणे गोलटी होता, म्हणजे बारका माल. मोठा असता तर बसले असते की काय, देव जाणे.) तुमची मान खाली गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण तुम्ही चारचौघांत माझा कॉम्प्युटर गोदावरीत बुडवायची भाषा केलीत, ती मला लागली. दोष माझा नाही. कसा नाही, ते शांतपणे वाचा.

पुस्तिका मी कॉम्प्युटरवर पेजमेकर नावाच्या प्रोग्रॅममध्ये जुळवतो. त्यात पानावर मोठा फोटो ठेवायला गेलं की तो विचारतो, हा फोटो अख्खा फाईलच्या पोटात ठेवू का? ‘हो’ म्हणालं की फाईल अशी फुगते की कॉम्प्युटर बाळंतिणीसारखा कण्हायला लागतो. म्हणून आम्ही सगळे ‘नाही’ म्हणतो. मग फाईलमध्ये राहतो तो फोटोचा नुसता पत्ता. पडद्यावर फोटो दिसतो, पण तो देखल्या देवा दंडवत. खरा फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये बसलेला असतो आणि छापायच्या वेळी त्याला तिथून बोलवायचं असतं. म्हणजे मांडवात अंतरपाट धरायचा आणि नवरदेव मनमाडच्या स्टेशनावर! याला लिंक म्हणतात. (ही सोय ज्याने काढली त्याच्या घरात लग्नाची पोरगी नसावी.) आणि त्या पत्त्यावर त्या घडीला जो कोणी बसला असेल तो उठून येतो. पेजमेकर तोंड बघत नाही, नाव बघतो.

तुम्ही प्रूफ वाचून सही केलीत तेव्हा तिथे ललिताच होती, हे तुम्हालाही आठवत असेल. पुढे मी पुस्तिकेचं काम आणि एका कांद्याच्या गोणीवरच्या लेबलाचं काम एकाच डिस्कवर भरून पॉझिटिव्ह, म्हणजे छपाईची फिल्म, काढायला पाठवलं. ललिताच्या फोटोचं नाव ४७. लेबलावरच्या कांद्याचाही नंबर ४७ पडला असणार. भरताना एकावर दुसरा बसला, ललिता गेली आणि कांदा राहिला. पॉझिटिव्ह काढणाऱ्या पुंजारामला मी म्हटलं, अरे, वधूच्या रकान्यात कांदा बघून तुला काहीच वाटलं नाही? तर म्हणतो, ‘आपण पार्टीच्या मजकुरात हात घालत नाय.’ आता या माणसापुढे डोकं आपटून फुटणार ते माझंच. गेले चार दिवस जो येतो तो दारातून कांद्याचा भाव विचारतो. पुढच्या पुस्तिकेतला एकूण एक फोटो मी आता फाईलच्या पोटात घेतलाय. कॉम्प्युटर कण्हतोय, कण्हू दे.

लहानांना आशीर्वाद. राग सोडा.

तुमचा भाचा,
किशोर

ता. क. लासलगावकरांची माफी मागायला मी स्वतः जाईन. तुम्ही म्हणाल तेव्हा.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. लासलगावला जाणार नाही. मामा, गोणीच्या लेबलात फोटो एकच आहे. त्याला ४७ नंबर कोण देईल? मी त्या ४७ नंबरच्या फाईलची तारीख बघितली. तुमच्या सहीनंतरचा मंगळवार, दुपार. त्या दुपारी ‘माझा फोटो नीट आलाय का बघते’ म्हणून ललिता माझ्या खुर्चीवर बसली होती आणि मी तिच्यासाठी चहा सांगायला खाली गेलो होतो. आज तुमच्याकडे फोन लावून तिलाच विचारलं. जरासुद्धा लाजली नाही. म्हणाली, ‘मला लासलगावला जायचंच नव्हतं. आणि सगळ्या गावाची स्थळं छापतोस, त्यात तुझा फोटो का नव्हता, ते सांग आधी.’ मामा, उत्तर माझ्याकडे आहे. पण ते तिला नाही, तुम्हाला द्यायचं आहे. रविवारी आईला घेऊन येतो. नारळ आणतोय. नाही म्हणू नका.

तिसरा ता. क. मामींवर चिडू नका. फोन त्यांनीच उचलला होता. मी ‘हॅलो’ म्हणालो एवढंच, तर काही न विचारता त्यांनी आत हाक मारली, ‘ललिता, ये गं, कांदेवाल्याचा फोन हाय!’