शेवंती नावाची दीर्घिका

बुधवार संध्याकाळ, इंटरनॅशनल सिटी

जबल अलीच्या कामावरून आलो, बूटही काढले नव्हते, तोच ज्ञानदा लॅपटॉप घेऊन समोर उभी. शाळेच्या प्रदर्शनासाठी प्रत्येकाने आकाशातल्या एका दीर्घिकेला नाव द्यायचंय. हिच्या वाट्याला आली तिला नुसता नंबर आहे. फोटो मात्र सुंदर, पाकळ्यांसारखी वळणं.

"शेवंती ठेवू, बाबा?"

मी पटकन बोलून गेलो, "अगं, इथे आखातात कोणाला म्हणता येणार? डेझी लिही, खलास."

"दे कॅन लर्न, बाबा." मग म्हणाली, "माझं नाव पण म्हणूनच बदललंत?"

शाळेच्या पहिल्या दिवशी टीचर दोनदा अडखळल्या आणि मीच हसत म्हणालो होतो, "नदा म्हणा, चालेल." इथे अरबी मुलींचं नाव असतं नदा. सोपं. पाच वर्षांची होती, तिला विचारलंसुद्धा नाही. कसली घाई होती मला? त्यावरून तेव्हा बायको आठवडाभर नीट बोलली नव्हती.

आज जेवण गेलं नाही. मघाशी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "शेवंतीच लिही. आणि तुझं खरं नाव मी उद्या टीचरना फोन करून सांगतो."

तिने मान वर केली नाही. चार्टवर शेवंती केव्हाच लिहून झालं होतं, खाली इंग्रजीत उच्चार फोडून.

"फोन नको. आय विल टेल देम."

सांगेल का? की तिला आता नदाच आपलं वाटतं? विचारायचं धाडस झालं नाही.