मागे मोकळं

ता. ४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या हट्टापायी त्या गटात जाऊन आले. फौजेतून परतलेल्या आम्ही सहा बायका आणि एक समुपदेशक मॅडम. मॅडमनी खुर्च्या गोल मांडल्या, मेणबत्ती लावली आणि शांत समुद्र डोळ्यांसमोर आणायला सांगितलं. माझ्या डोळ्यांसमोर दार होतं. दाराकडे पाठ करायला एकही तयार नव्हती. सगळ्यांनी खुर्च्या ओढून समोरच्या भिंतीला लावल्या. मॅडम म्हणाल्या, आमच्यात सहकार्य कमी आहे. एवढं शिकून बाईला दार कळत नाही!

पुन्हा जाणार नाही. बायका फौजेत नुसत्या पट्ट्या बांधतात, हे भावोजींचं मत तिथे सांगितलं नाही. आमच्यात छावणीत स्वयंपाक करणारी एक स्वयंपाकीण आहे, ती त्यांना सोलून काढेल.

लोभ आहे तेवढा राहू दे.
धाकटी

ता. १२ जून

चि. धाकटीस,
अ. आ.

नाक मुरडावं तर तूच. मॅडम मूर्ख, भावोजी मूर्ख, मी तर जन्माचीच. तुझी ॲम्ब्युलन्सवरची जोडीदारीण, ती बडबडी, गेल्यापासून तू कुणाशी धड बोलत नाहीस. इथे आलीस तेव्हा भिंतीला पाठ लावून उभ्याने जेवलीस. पोरं आता मावशी नको म्हणतात. मला सांगू नकोस हवं तर, त्या बायकांना सांग. एकदा जा.

रागावलीस तरी पत्र धाड.
ताई

ता. २५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेले. आता उशा आल्या आहेत. उशीला आपलं दुःख सांगायचं म्हणे. स्वयंपाकिणीने तिच्यावर पाय ठेवले.

मग मी बोलले. गाडी मी चालवायचे, बडबडी मागच्या दाराशी बसायची. पुढचं मी बघायचं, मागचं तिने. प्रत्येक वळणानंतर ती ओरडून सांगायची, मागे मोकळं. त्या दिवशी वळण घेतलं आणि आवाज आला नाही. तेव्हापासून मला पाठीशी भिंत लागते.

मॅडमनी विचारलं, आता कसं वाटतंय. कुणी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. वायरलेसवर काम केलेली एक घोगऱ्या आवाजाची बाई आहे. तिने आपली खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली आणि समोर, दाराकडे पाठ येईल अशी, दुसरी मांडून मला दाखवली. बसले. जरा वेळाने ती म्हणाली, मागे मोकळं आहे.

मॅडम याला स्वतःचं यश समजतात. समजू देत.

रविवारी येते. पोरांबरोबर टेबलाशी बसेन. दाराकडे तोंड करून तू बस. भावोजी नकोत, त्यांना काही दिसत नाही.

तुझी माया असू दे.
धाकटी