रिपोर्ट निगेटिव्ह, तरी परत बोलावलंय

गुरुवार, संध्याकाळ

रिपोर्ट निगेटिव्ह आला. हायसं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

मागच्या आठवड्यात यांनी स्वतःच सांगितलं. सुप्याच्या कंपनीतून आले आणि खाली बघत म्हणाले, "मला गरमी झालीय. डॉक्टर म्हनले, बायकोचीबी तपासनी करा." गरमी म्हणजे गुप्तरोग. कोणापासून झाली, ते मी विचारलं नाही. का नाही विचारलं?

आज पारनेरच्या सरकारी दवाखान्यात एकटीच गेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी दार लोटून नीट समजावलं. "ताई, लागण नवीन असली तर रक्तात दिसायला काही आठवडे जातात. म्हणून इंजेक्शन आजच घ्या आणि पुन्हा तपासायला या. तोवर नवऱ्यापासून लांब राहा." रोग दिसत नाही, तरी कमरेत इंजेक्शन घेतलं. एसटीत धड बसवत नव्हतं.

हे दारातच उभे होते. "काय निघालं?"

"काय न्हाई निघालं. पन परत बोलावलंय."

यांचा चेहरा एकदम खुलला. "मंग मिटलं की!"

मिटलं? अंगाची आग झाली. म्हटलं, "मिटलं न्हाई. रिपोर्ट काय बी येऊ दे, ती कोन हुती ते मला सांगा."

हे ओट्यावर खाली बसले. म्हणाले, "सांगतो."

आणि मीच उठून आत आले. ऐकायचं नव्हतं तर विचारलं कशाला? हे अजून तिथेच बसलेत. एवढं लिहून झालं की बाहेर जाऊन समोर बसणार आहे.