इराच्या मताचं पाकीट

आंग मो किओ, सिंगापूर
रविवार, ८ एप्रिल २०१८

प्रिय इरा,

तू निवडून आल्याचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवत होतो. उत्तर म्हणून नुसता अंगठा पाठवला. मुलगी तिकडे इंग्लंडात अख्ख्या देशाच्या विद्यार्थी संघटनेची उपाध्यक्ष होते आणि बाप अंगठा पाठवतो, हे काही बरं नाही, कळतं मला. पण दुसरं काही सुचेना. आई असती तर तिने शेजारच्या मिसेस टॅनपासून पुण्याच्या नीतामावशीपर्यंत सगळ्यांना पकडून पकडून सांगितलं असतं. मी घरी आलो, कुकर लावला, आमटीभात खाल्ला, भांडी घासली. आई गेल्यापासून पाच महिने हे असंच चाललंय. वाईट वाटतं असंही नाही. काहीच वाटत नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही, तसं सगळं झालंय.

मग मंगळवारी तुझ्या चुलतबहिणीने, निहारिकाने, पुण्याहून तुझ्या भाषणाची लिंक पाठवली. सोबत हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली ती पिवळी तोंडं. मी ते पाहिलं. तू फार छान बोलतेस, इरा. परदेशी मुलांची फी मधल्या वर्षात वाढवू नका, हे तू ज्या शांतपणे मांडलंस, तसं मला तीस वर्षांत एका मीटिंगमध्ये जमलेलं नाही. पूर्वी हॉस्टेलचा वॉर्डन सगळ्या मुलांची नावं एकदम मतदारयादीत घालायचा, आता ज्याने त्याने स्वतः नोंदवायचं, म्हणून हजारो मुलं यादीतून गळली, हेही मला पहिल्यांदाच नीट कळलं. आणि मग तू आईची गोष्ट सांगितलीस. की २०१५च्या निवडणुकीत तू सहाशे मुलांची नावं यादीत घातलीस आणि मतदानाच्या दिवशी तुझंच नाव नव्हतं, कारण तुझे कागद पोस्टात टाकायचं काम तुझ्या आईकडे होतं, आणि तिने तुझं मत कोथिंबीर आणि नारळाच्या दुधाच्या मध्ये कुठेतरी हरवलं. हॉल हसला. तू हसू ओसरू दिलंस आणि म्हणालीस, म्हणून आपलं मत कुणाच्या हातात देऊ नका, आईच्यासुद्धा. केवढ्या टाळ्या पडल्या. मी तेवढाच तुकडा मागे घेऊन घेऊन आठ-दहा वेळा पाहिला. निहारिका म्हणते, सप्टेंबरपासून तू नोंदणीच्या मोहिमेसाठी चाळीस कॉलेजांत फिरणार आहेस आणि हेच भाषण सगळीकडे करणार आहेस.

फोनवर हे बोलणं मला जमणार नाही. तू पलीकडून नुसतं हं म्हणालीस की माझी गाडी अडते. मराठीत लिहितोय, कारण आईने तुला दर रविवारी पोळ्या लाटता लाटता समोर बसवून वाचायला शिकवलं, ते फुकट जाऊ नये. एखादा शब्द अडला तर निहारिकाला विचारू नकोस. मला विचार.

तुला आठवतं का, त्या वर्षी मार्चमध्ये तू फोन केला होतास. तुमच्या युनियनच्या स्टॉलवर कुणीतरी तुला सांगितलं होतं की भारतीय पासपोर्ट असला तरी, कॉमनवेल्थचा देश म्हणून, तुला तिथल्या निवडणुकीत मत देता येतं. तू केवढी नाचत होतीस. बाबा, आय कॅन वोट लाह, असं इथल्या पोरांसारखं तीनतीनदा म्हणालीस. मी काय म्हणालो, तेही मला आठवतं. मी म्हणालो, कशाला उगाच. तू फोन आईकडे दे म्हणालीस. आईने मात्र तुला सगळं विचारलं, कोण उभं आहे, कुणाला देणार, शाई लावतात का. शाई लावत नाहीत म्हटल्यावर ती खट्टू झाली. तिने आणि मी शेवटचं मत शहाण्णव साली कोथरूडच्या एका शाळेत दिलं होतं. नंतर इथे आलो. तिथे जाऊन मत देणं जमलं नाही आणि इथे आपल्याला कुणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आपण इथे पाहुणे, नाकासमोर चालायचं, कुठल्या कागदावर उगाच सही करायची नाही, हे मी तुला तू सहावीत असल्यापासून सांगत आलो. आई त्यावर म्हणायची, पाहुण्याला निदान चहा तरी विचारतात.

तुला तेव्हा हे नीट माहीत नव्हतं, की त्याच मार्चमध्ये मी आपल्या तिघांसाठी पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवानगीचा, तिसरा अर्ज भरला होता. तिसरा आणि शेवटचा, कारण ऑगस्टमध्ये तू एकवीसची होणार होतीस आणि मग तुझं नाव माझ्या अर्जात बसलं नसतं. आधीचे दोन नाकारले गेले होते. का, ते कधी सांगत नाहीत. कारण कळत नाही ना, मग माणूस स्वतःच कारणं शोधतो. माझा तर धंदाच तो. चिप टेस्टला नापास झाली की का नापास झाली ते शोधायचं. मला वाटायला लागलं की कुणीतरी टेबलाशी बसून आपली फाइल चाळतोय आणि विचारतोय, या घराचं मन नक्की आहे कुठे. पासपोर्ट भारताचा, राहणार इथे, आणि मुलगी मत देते इंग्लंडात. ऑफिसमधल्या निशिकांतला मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, असं काही नसतं हो. पण तो सात वर्षं पीआर होता, त्याला काय जातंय म्हणायला. ज्यांचा कामाचा पास दर दोन वर्षांनी नूतनीकरणाला येतो, त्यांनाच असली भुतं दिसतात. आज लिहिताना मलाही ते हास्यास्पद वाटतं. तेव्हा नव्हतं वाटत.

ईस्टरच्या सुट्टीत तू घरी आलीस. तिकडे ज्यावरून ओळख पटवतात तो सरकारी विमा नंबर तुझ्याकडे नव्हता, म्हणून नोंदणीच्या ऑफिसने ओळखीचे कागद मागितले होते. पासपोर्टची प्रत, त्यावर ओळखीच्या माणसाची सही, आणि हे सगळं पोस्टानेच. तू जेवणाच्या टेबलावर बसून सगळं भरलंस, पाकीट चिकटवलंस, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मैत्रिणींबरोबर पेनांगला जायचं म्हणून ते आईकडे दिलंस. आईने ते माझ्यासमोर तिच्या निळ्या पर्समध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती भाजी आणायला गेली, पोस्टासमोर उभी राहून पर्स उघडली, तर पाकीट नाही. तिला वाटलं, आदल्या संध्याकाळी एमआरटी स्टेशनपाशी खाली गेले होते तेव्हाच पेटीत टाकलं असेल. तिला तिच्या विसरभोळेपणाची सवय होती, आपल्या सगळ्यांनाच होती. तू पेनांगहून विचारलंस तर ती म्हणाली, टाकलं.

पुढचं तुला माहीत आहे. सात मेला तू दिवसभर मतदान केंद्राबाहेर फलक घेऊन उभी राहिलीस, मुलांना आत पाठवलंस, आणि शेवटी स्वतः गेलीस तर बाईने यादी दोनदा बघून मान हलवली. तुझे मित्र तिथेच उभे होते. त्यांच्यातल्या कुशलने गंमत म्हणून फोटो काढला आणि तो सगळीकडे फिरला, तुझ्या टीशर्टवर यादीत नाव घाला असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. तू घरी फोन करून आईवर जे खापर फोडलंस, ते मी स्पीकरवर ऐकत होतो. माझ्या कुठल्याच गोष्टीची तुला किंमत नाही, असं म्हणालीस तू. आई म्हणाली, माझ्याकडूनच गेलं गं. त्यानंतर तू दिवाळीपर्यंत तिच्याशी बोलली नाहीस. पुढे बोलायला लागलीस, सुट्टीत आलीस, सगळं ठीक झालं असं आपण धरून चाललो. पण तुझं कुठलंही काम तू पुन्हा तिच्याकडे दिलं नाहीस, साधं कुरिअर घ्यायचंसुद्धा. तिच्या ते लक्षात यायचं.

तुला जे माहीत नाही ते आता सांगतो. त्या मे महिन्यात तिने घर उलटंपालटं केलं. डाळींचे डबे, साड्यांच्या घड्या, गादीखाली, वॉशिंग मशीनच्या मागे. पाकीट घरातच राहिलं असेल तर निदान तुला दाखवता येईल, असं तिचं म्हणणं होतं. मशीन सरकवायला मीच मदत केली. मागे टॉर्च मारून बघितलं आणि नाहीये म्हणालो. जूनमध्ये ती मला न सांगता सरकारी दवाखान्यात, पॉलिक्लिनिकमध्ये गेली, आपली स्मरणशक्ती गेली का ते बघायला. तिथल्या मुलीने तिला घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सगळं बरोबर आलं. घरी येऊन तिने मला तो कागद दाखवला. म्हणाली, मग मी टाकलं कुठे. मी टीव्ही बघत होतो. मी म्हणालो, जाऊ दे आता, किती दिवस तेच. आणि जुलैमध्ये पीआरचं पत्र आलं, आधीच्या दोन्हींसारखंच, सहा ओळींचं. नाही. मी ते फाइलला लावलं.

गेल्या नोव्हेंबरात तिला झटका आला तेव्हा तू विमान पकडून आलीस, पण तोवर तिची वाचा गेली होती. चार दिवस तू तिचा हात धरून बसलीस. मीही तिथेच खुर्चीत बसलो होतो. तू एकदा जेवायला खाली गेलीस तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो, तिचे डोळे उघडे होते, पुरी पंधरा मिनिटं होती माझ्याकडे. मी तिच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

इरा, पाकीट मी काढलं. तू पेनांगला निघालीस त्या सकाळी आई आंघोळीला गेली असताना मी तिची पर्स उघडली, पाकीट माझ्या बॅगेत घातलं आणि ऑफिसमध्ये गेल्यावर न उघडता कागद फाडायच्या मशीनमध्ये घातलं. मला वाटलं होतं, एक मतच तर आहे, पुढच्या खेपेला देईल. ते आईच्या अंगावर जाईल हे तेव्हा डोक्यात नव्हतं, आणि गेलं तेव्हा मी मूग गिळून बसलो. ती होती तोवर, दोन वर्षं सात महिने बसलो. आता ती नाही आणि चाळीस कॉलेजांतली मुलं तिला हसणार आहेत. तू मला बोल, बोलू नकोस, घरी ये, येऊ नकोस, जे करशील त्यावर माझं काही म्हणणं नाही. मला क्षमा कर असंही मी लिहीत नाही, कारण मागायची ती जिच्याकडे, तिच्याकडे मागितली नाही. एवढंच कर. ही गोष्ट सांगायची थांबवू नकोस, मुलांना ती कळायला हवी. फक्त त्यातून आईचं नाव काढून टाक. माझं घाल, पद्माकर, माझे वडील, असं पूर्ण सांग. आणि मुलं हसली नाहीत तरी चालेल.

तुझाच, पण तुझ्या आईचा कधीच नीट न झालेला,
बाबा