नाताळच्या ताटलीतली चार रोपं

प्रिय इंद्री,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन हाताशी असताना हा खाणीतला माणूस कागद का खराब करतोय, असं म्हणशील. फोनवर तू नेहमी घाईत असतोस. माझी दोन वाक्यं होतात न होतात तोच तिकडं चर्चच्या कचेरीत कुणीतरी तुझं दार वाजवतं आणि तू म्हणतोस, "वेन्झू, मागाहून करतो." तो मागाहूनचा फोन काही येत नाही. शिवाय फोनवर माझा आवाज चढतो आणि पलीकडच्या खोलीत आपल्या आईला ऐकू जातो. म्हणून लिहायला बसलो. अक्षर खाणकाम्याचं आहे, वाचून घे.

इकडं तसं बरं आहे. पाऊस वेळेवर झाला, घराखालची विहीर निम्म्याच्या वर आली. चर्चच्या मोठ्या घंटेला नवा दोर बसला. चेन्सामावशीची जीभ होती तशीच आहे, आणि तिचं मेंढीच्या दुधाचं चीजही. फादर साल्व आता काठी घेऊन वेदीपर्यंत जातात, पण मिस्सेची उपासना स्वतःच करतात. आईबद्दल पुढं लिहितो.

आधी तुला त्या रोपांची गोष्ट सांगायची आहे. ऑगस्टात, गावच्या सणाला तू आलास तेव्हा तुझ्या खोलीत तुला एक दिवा, भोकं पाडलेले रिकामे डबे आणि कपाटात तेलाची बरणी दिसली. तेवढंच दिसलं. ते तिथवर कसं आलं, हे तू विचारलं नाहीस आणि मला सांगू दिलं नाहीस.

आईला नागीण झाली तेव्हा तू दोनदा येऊन गेलास. फोड वाळले, खपल्या पडल्या, तू देवाचे आभार मानलेस आणि बोटीत बसलास. नागीण गेली, पण तिची आग मागं राहिली. डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी असं होतं, शिरा जळतात. बरगडीवरून पाठीकडं हाताएवढा पट्टा आहे. त्यावर कापड टेकलं तरी ती डोळे मिटते. झगा उलटा घालते, शिवण टोचू नये म्हणून. गळ्यातून छाती-पाठीवर लोंबणारी कार्मेलमातेची पवित्र फीत मात्र काढत नाही. ती फीत नेमकी त्या पट्ट्यावर येते. मी म्हटलं, आई, थोडे दिवस खुंटीला लाव, माता रागावणार नाही. म्हणाली, "ती नाही रागावणार, मला चुकल्यासारखं होईल." गोळ्यांनी तिला घेरी यायची. एकदा परसात पडली आणि कपाळ फुटलं. मग डॉक्टरांनीच हळू आवाजात सांगितलं की काहींना गांजाच्या तेलानं आराम पडतो, काहींना नाही, बघ.

मी आधी पापकबुलीला गेलो. फादर साल्वना विचारलं. जाळीपलीकडून म्हणाले, "वेन्झू, तुझ्याकडं पापं कमी पडली म्हणून नवी शोधायला निघालास का? आईला बरं वाटू दे." आपल्याकडं घरात गांजाची चार रोपं कायद्याला चालतात, रस्त्यावरून दिसली नाहीत म्हणजे झालं. तुझ्या खोलीची खिडकी परसात उघडते. म्हणून तुझी खोली घेतली. तू ती मागितली असतीस तर दिली असती परत.

घराच्या आत, छपराखाली, मी आयुष्यात एकच गोष्ट उगवून आणली आहे, ती म्हणजे नाताळचं गवत, जुलबीना. आई ताटलीत ओला कापूस पसरायची, आपण दोघं त्यावर दाणे टाकायचो आणि ताटल्या कपाटात अंधारात ठेवायचो. कापूस कधी सुकू द्यायचा नाही, एवढा एकच नियम. मग ते लांब, पांढरं, केसांसारखं गवत यायचं आणि चर्चमधल्या बाळ येशूभोवती मांडलं जायचं. गावात अजून लोक म्हणतात, जुलबीना पाहावी तर वेन्झूची. त्या कौतुकानंच माझा घात केला.

जानेवारीत तीन राजांचा सण झाला, गवत फेकलं, ताटल्या धुतल्या आणि त्याच ताटल्यांत गांजाची बियाणी ठेवली. खाली कापूस, वर माती, भोक कुठंच नाही. उगवली छान. मग मी दिवा लावला आणि रोज सकाळ-संध्याकाळ विहिरीचं पाणी घालत गेलो. तुला माहीत आहे, या बेटावर पाणी कसं वापरतात. आंघोळीचं पाणी टोमॅटोला आणि भाजी धुतलेलं लिंबाला. आईच्या औषधाला मात्र मी विहिरीचं ताजं पाणी मगभरून देत होतो, आणि देताना मला बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर फार बरं वाटत होतं.

मग पानं खाली झुकली. मला वाटलं, तहानली. आणखी पाणी घातलं. आणखी झुकली. नीट पाहिलं असतं तर कळलं असतं की ती वाळलेली नव्हती. फुगलेली, जड, बोटाला गार लागणारी होती. खालची पानं पिवळी पडली. मातीवर बारीक माश्या उडायला लागल्या. एकाचं देठ मातीपाशी दोऱ्याएवढं बारीक झालं आणि ते आडवं पडलं. मी त्याला काडीचा टेकू दिला आणि पुन्हा पाणी घातलं. हसू नकोस. त्या दिवशी मी खाणीत रजा टाकून तुझ्या पलंगावर बसून होतो आणि आई भिंतीपलीकडं कण्हत होती.

चेन्सामावशी चीज द्यायला आली आणि तिच्या रीतीप्रमाणं न विचारता आत शिरली. एक ताटली उचलून तिनं नाकाला लावली. "मेल्या, विहिरीच्या तळाचा वास येतोय. बुडवलीस की रे!" मी म्हटलं, मावशी, पानं मान टाकतायत म्हणून... ती इतकी हसली की आईनं आतून विचारलं काय झालं. "काय व्हायचंय जॉर्जा, तुझा लेक तुझ्या औषधाला नाताळचं गवत समजला!" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अरे, त्या गवताला कुठं जगायचं असतं? ते फेकण्यासाठीच लावतो आपण. ह्यांना जगायचंय."

तिच्या देखतच मी सूपच्या चमच्यानं रोपं मातीसकट उचलली. दोघांची मुळं तपकिरी, चिकट झाली होती, बोटात सुटून आली. ती परसात पुरली. उरलेल्या दोघांची टोकं अजून पांढरी होती. टोमॅटोच्या पेस्टचे रिकामे डबे होते, त्यांना तळाशी खिळ्यानं भोकं पाडली. कोरडी माती, तिच्यात माती भुसभुशीत राहावी म्हणून घालतात तो पांढरा हलका खडा मिसळला आणि त्यात ती बसवली. दिवा थोडा वर घेतला. आईचा छोटा पंखा हळू लावला, वारा नुसता पानांना शिवेल इतका. करण्यासारखं एवढंच होतं, ते दुपारच्या आत संपलं. खरं अवघड होतं ते पुढं काही न करणं. पानं तशीच खाली मान घालून होती आणि माझा हात मगाकडं जायचा. मग मी त्या हातात जपमाळ घ्यायचो. एका हातात रोपाचा डबा आणि दुसऱ्यात नुसत्या कोरड्या मातीचा डबा, असं वजन करून पाहायचो. दोन्ही सारखे हलके लागेपर्यंत पाणी नाही, असं ठरवलं. आई आतून विचारायची, "पाजलंस का रे त्यांना?" नाही म्हटलं की म्हणायची, "शहाणा झालास. डॉक्टरला पण सांग, मलाही गोळ्यांत बुडवलंय."

एका सकाळी दार उघडलं तर दोघांनीही पानं वर उचलली होती, मिस्सेत हात उंचावावेत तशी. मी तिथंच गुडघ्यावर बसलो. कुणाला सांगितलं नाही. तुलाच आज सांगतोय.

पुढचं लांबवत नाही. जूनमध्ये फुलं वाळवली, ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर ठेवली आणि आईला पावावर टोमॅटो चोळून त्यावर थोडंसं ते तेल देऊ लागलो. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. मग आग हळूहळू उतरली. गेली नाही, उतरली. जुलैत ती माझा हात न धरता चर्चला चालत गेली. चेन्सामावशी पायरीवरून ओरडली, "जॉर्जा, नवरा शोधायला निघालीस का?" आणि आई म्हणाली, "तुझ्यासाठीच बघते आहे, माझं झालं." कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं.

मग सण आला आणि तू आलास. कपाट उघडलंस. परसात येऊन मला म्हणालास, "वेन्झू, मोन्सिन्योरच्या आईला घरात गांजा देतात, हे बोटीतून पलीकडं पोचायला किती वेळ लागेल? माझ्या नावाचा तरी विचार कर." मी गप्प राहिलो, कारण तू मोठा धर्मगुरू, तुझी गळपट्टी पांढरी होती आणि माझ्या हाताला दगडाची भुकटी होती, आणि लहानपणापासून मी तुझ्यापुढं असाच गप्प राहत आलोय. मग तू तिच्या खोलीत गेलास आणि दार लावून घेतलंस. बाहेर बँड वाजत होता. तू काय बोललास ते मला ऐकू आलं नाही.

संध्याकाळी तिनं पाव खाल्ला आणि तेलाची वाटी बाजूला सारली. दुसऱ्या दिवशीही. मी विचारलं तर म्हणाली, "इंद्री म्हणाला, दुखणं प्रभूच्या पायांशी वाहिलं तर वाया जात नाही. आजवर मी प्रभूला काय दिलंय?" डॉक्टर बोलून थकले. फादर साल्व काठी टेकत घरी आले, तिच्याशेजारी बसून म्हणाले, "जॉर्जा, औषध आहे, घे." ते गेल्यावर म्हणाली, "देवमाणूस आहे. पण शेजारच्या गावचा. आणि तो काही माझा इंद्री नाही." तेव्हापासून बरणीला कुणी हात लावलेला नाही. चर्चलाही ती गेली नाही.

काल दुपारी मी जुलबीनाच्या ताटल्या कपाटात ठेवत होतो. कापूस ओला केला, दाणे टाकले. बाहेर येताना दारातून पाहिलं, तर आईनं उशीच्या अभ्र्याचं टोक दातांत धरलं होतं. ते सोडून तिनं मला हाक मारली आणि अगदी शांतपणे, बाजारातला भाव विचारावा तशी म्हणाली, "वेन्झू, इंद्रीला विचारशील का, अजून किती सोसलं म्हणजे पुरे होतं?" हे पत्र एवढ्यासाठी लिहिलं. मी विचारलं, माझं काम झालं. पण उत्तर मला लिहू नकोस, आणि फोनवरही देऊ नकोस. पहिल्या बोटीनं ये, तिच्या उशाशी बस आणि तुझ्या तोंडानं सांग की पुरे झालं. तुला मनापासून पटलेलं नसलं तरी सांग, ते पाप माझ्या नावावर मांड. बरणी तुझ्या कपाटात ताटल्यांशेजारीच आहे, तेल अजून चांगलं आहे. भरलेला मग खाली ठेवायला मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर शिकलो. तुला तर फक्त एक वाक्य परत घ्यायचं आहे.

तुझाच,
वेन्झू