पहिल्या अध्यायापुरती सून

ता. ६ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
सप्रेम सलाम. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तिकडून मात्र पत्र नाही, निरोप नाही. बातम्या येतात त्या आपल्या चर्चच्या मंडळीच्या सेक्रेटरींकडून, आणि त्या ऐकून घास घशाखाली उतरत नाही. ते म्हणतात, बाजारातला चष्मेवाला सारखा आपल्या घरी येतो, आईच्या चष्म्याचा स्क्रू पिळतो आणि चहा घेऊन जातो. मी भूमितीचा मास्तर आहे. एका स्क्रूला इतक्या फेऱ्या लागत नाहीत, एवढं गणित मलाही येतं.

बाबांनी घालून दिलेली शास्त्राभ्यासाची पद्धत दादाने चालवली, आणि तो गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. घरच्या कर्त्याने अध्याय नेमून द्यायचा; बाकीच्यांनी त्यातून विश्वासाचा एक आणि आज्ञापालनाचा एक धडा काढून पत्राने कळवायचा. दादा गेल्यावर तुमच्याकडून एकही धडा आलेला नाही. म्हणून या खेपेला मुद्दाम तुमच्यासाठी बायबलातला रूथचा पहिला अध्याय नेमला आहे. नवरा गेलेली सून सासूला सोडून माहेरी परतत नाही. सासू जाईल तिथे जाते, सासूच्या माणसांना आपली माणसं आणि तिच्या देवाला आपला देव मानते. यातून काय घ्यायचं ते फोड करून सांगायला नको.

माझ्या घरच्या शास्त्रवर्गातल्या बायका हा अध्याय ऐकताना डोळे पुसतात. तुम्ही निदान वाचा. आईला माझा सलाम सांगा. धड्याची वाट पाहतो. या घरावरची तुमची माया पूर्वीसारखीच राहो.

तुमचा दीर


ता. १४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,
स. सलाम. वि. वि.

धडा मागितलात, हा घ्या. इस्पितळाच्या धुलाईखात्यात दिवसभर चादरींवर इस्त्री फिरवून हात असे शेकून निघतात की पेन धरवत नाही. पण तुमची आज्ञा मोडायची नाही ना.

विश्वासाचा धडा सापडला. पुढे काय वाढून ठेवलंय ते ठाऊक नसताना ती बाई निघाली. आज्ञापालनाचा मात्र काही केल्या सापडेना. सासू तिला स्वच्छ सांगते, आपल्या आईच्या घरी परत जा, दुसरा संसार मांड. एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगते. दुसरी सून रडते, सासूचा मुका घेते आणि सांगितल्याप्रमाणे परत जाते. म्हणजे आज्ञा पाळली ती तिने. रूथने सासूचं ऐकलंच नाही. तुमच्या वर्गातल्या बायका नक्की कोणासाठी डोळे पुसतात, ते एकदा विचारून घ्या.

आता चष्मेवाला. तो येतो, खरं आहे. त्याने मला लग्नाचं विचारलंय, हेही खरं आहे. सेक्रेटरींना एवढं अजून कळलेलं दिसत नाही, तुम्हीच कळवा. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. माणूस सरळ आहे, कमी बोलतो, आणि मी बोलत असताना मध्येच शास्त्र काढत नाही. मला हो म्हणायचंय.

अडलंय ते एकाच ठिकाणी. आईंना सकाळी उठून बसायला हात द्यावा लागतो. हे घर मंडळीने बाबांच्या माघारी आईंना दिलेलं, इथे मला नवा संसार कोणी मांडू देणार नाही. त्याचं बिऱ्हाड दुकानाच्या माळ्यावर, एक खोली, आणि वर जायला लोखंडी उभा जिना. आईंच्या गुडघ्यांना तो झेपणार नाही. तुमच्या तीन खोल्या आहेत, त्याही तळमजल्यावर. चार दिवस तरी राहायला ये, असं तुम्ही आईला म्हटल्याचं मला आठवत नाही. आता मीच विचारते, न्याल का त्यांना?

जाऊबाईंना सलाम. रागावलात तरी नातं तोडू नका.

तुमची वहिनी


ता. २२ फेब्रुवारी

ती. वहिनी,
सलाम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून लगेच लिहायला बसलो नाही हे तुमचं नशीब. शास्त्र आपली झडती घेतं, वहिनी. आपण शास्त्राची उलटतपासणी करायची नसते. अध्याय दिला होता नमतं घ्यायला, आणि तुम्ही वकिली करून मोकळ्या झालात. दादाने तुम्हाला फार डोक्यावर चढवून ठेवलं होतं, त्याची फळं आम्ही भोगतो आहोत.

आईला नेण्याचं म्हणता. पुढची खोली वर्गाची आहे, तिथे बाकं आणि फळा आहे. मधल्या खोलीत मुली अभ्यास करतात. सौ.चं ब्लडप्रेशर तुम्हाला माहीत आहेच. शिवाय या वयात आईला जागा बदललेली सोसायची नाही, हे मी तिच्याच भल्यासाठी म्हणतो.

हे लग्न करायचं असेल तर दादाचं नाव विसरा. पाळकसाहेबांना मी लिहिणार आहे, की आमच्या घराची याला संमती नाही. आणि आईच्या कानावर यातलं अक्षर घालू नका. ती हाय खाईल, आणि त्याचं पाप तुमच्या माथी येईल.

तुम्ही एकच करायचं. रोज संध्याकाळी आईला हाच पहिला अध्याय मोठ्याने वाचून दाखवायचा. पुढे जायचं नाही. मी सांगेपर्यंत हाच. त्याने तुमच्या जिभेला वळण लागेल आणि आईच्या मनाला धीर येईल. ऐकलंत तर आमचा जीव तुमच्यावर आहेच.

दीर


ता. ९ मार्च

श्री. भाऊजी यांस,
सलाम. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. कामावरून आले, हातपाय धुतले, आईंच्या पलंगाशी स्टूल ओढलं आणि पहिला अध्याय वाचला. दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशीही तोच. आई मुकाट ऐकत होत्या. परवा मात्र त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि विचारलं, की या बायका रोज वेशीपर्यंतच येऊन थांबतात, यांना घरी कधी पोचवणार आहेस?

मी खरं ते सांगितलं, की भाऊजींनी इथेच थांबायला सांगितलंय. त्यावर त्या म्हणाल्या, की तो लहानपणीही उत्तर चुकलं की वहीचं पान फाडायचा. आणि मला पुढे वाचायला लावलं.

वाचत गेले. सून परक्या शेतात सरवा, कापणीत मागे पडलेली कणसं, वेचते, दोघींचं पोट भरते. मग तिसऱ्या अध्यायात सासूच म्हणते, पोरी, तुझं भलं होईल असं घर मी तुला पाहून द्यायला नको का? न्हाऊन, चांगले कपडे घालून त्या माणसाकडे जा, हे तीच सांगते. आणि सून म्हणते, सांगाल ते करीन. भाऊजी, तुम्ही मागत होतात तो आज्ञापालनाचा धडा इथे होता. तुम्हाला तो पाठ आहे. म्हणूनच तुम्ही मला पहिल्या अध्यायात कोंडलंत.

आईंनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाल्या, की चष्मेवाला दर खेपेला स्क्रू मुद्दाम अर्धाच पिळतो हे मला कधीच कळलंय, त्याने तुला विचारलं की नाही तेवढं सांग. मी सगळं सांगितलं. तुमच्याकडे जागा नाही, हेही सांगितलं. आणि त्या भडकल्या, त्या माझ्यावर. मला न विचारता मी हाय खाईन हे तुम्ही दोघांनी ठरवलंतच कसं, म्हणाल्या. माझं निमित्त पुढे करून रडत बसू नकोस, जा, म्हणाल्या. काल दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, जेवल्या तेही पाठ फिरवून.

जा म्हणणं सोपं आहे. सकाळी त्यांना उठवून बसवणार कोण? तुम्ही? मी चष्मेवाल्याला नाही म्हणून कळवणार आहे. तुम्ही जिंकलात. वर्गात सांगा, एक सून वळणावर आली म्हणून. पण पत्राच्या शेवटी लोभाचं जे लिहितात ते माझ्याकडून मागू नका. तो उरलेला नाही.

वहिनी


ता. १२ मार्च

चि. धाकट्यास,
आईचे आशीर्वाद.

हे मी माझ्या हाताने लिहिते आहे. डोळ्यांपुढे अक्षरं पोहतात. ओळ वाकडी गेली तर भूमिती काढू नकोस.

तू शास्त्र शिकवतोस याचा मला फार अभिमान होता. उपासना सुटल्यावर देवळातून बाहेर पडताना थांबून थांबून लोकांना सांगायचे. आता लाज वाटते. तुझ्या बापाने जन्मभर शास्त्र सांगितलं, पण सोयीचं पान उघडून कधी कुणाच्या तोंडावर मारलं नाही. तुला सून सासूला चिकटलेली हवी आहे, कारण सासू तुझ्या दाराशी यायला नको. तुझा सगळा अध्याय एवढाच आहे.

हिच्यावरही माझा राग आहे. मी हिला जा म्हटलं, समजावून म्हटलं, रागावून म्हटलं. ही त्या रूथची बहीण. चिकटून बसली आहे. मी या घरात आहे तोवर ही हलणार नाही. म्हणून आता मीच हलते.

काल चष्मेवाल्याला निरोप धाडून बोलावून घेतलं आणि हिच्यादेखत सांगितलं, की हिचं उत्तर हो आहे. ही रडली, भांडली, मला दुष्ट म्हणाली. मी ऐकून घेतलं. पाळकसाहेबांनाही कळवलंय, की घरची संमती आहे. घरात मोठी मी आहे, तू नाहीस.

शनिवारी सकाळच्या बसने येते. हे दोघं मला बसवून देतील, उतरवून घ्यायला तू ये. वर्गाची बाकं बाहेर काढून तिथे माझी खाट टाक. धाकट्या सुनेला सांग, मी खाते थोडं, पण सकाळी उठवून बसवावं लागतं. ते तू करायचं, तिच्यावर ढकलायचं नाही.

आता एक खरं सांगते. मला तुझ्याकडे यायचं नाही. तुलाही मी नको आहे, ते मला पत्राशिवाय कळतं. हिचा हात सोडताना माझं काय होणार आहे ते माझं मला ठाऊक. हिला ते कळता कामा नये. ती तुला पत्र घालून माझं विचारील, विचारल्याशिवाय राहणार नाही. तू दर वेळी उलट टपाली लिहायचं, की आई मजेत आहे, तिला इथे करमतं, तुझी आठवणसुद्धा काढत नाही. शास्त्र शिकवणाऱ्याला खोटं लिहायला लावते आहे, माहीत आहे मला. पण ही आईची आज्ञा आहे. पाळ.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल, तिच्यावर असू दे.

आई